दुसऱ्या मुलाचा वेळ कोणाच्या दिवसातून येणार?

पत्र:

मी ३४ वर्षांची. सासर गोव्यातल्या म्हार्दोळला, नोकरी फोंड्यातल्या एका पतसंस्थेत. यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. मुलगी पाच वर्षांची. घरात दुसऱ्या मुलाचा विषय रोज निघतो. सासूबाईंना नातू हवाय. घरच्या पोफळी-नारळाच्या कुळागराला वारस नको का, म्हणतात. यजमान म्हणतात, "आम्ही सहा भावंडं. कुणाला शिकवणी नव्हती, तरी सगळे मार्गी लागलो. हुशारी रक्तात असते, मुलं दोन असोत नाहीतर तीन." माझं म्हणणं उलट आहे. जे आहे ते सगळं एकीलाच द्यावं. तिला मी अ‍ॅबॅकस, कथक आणि इंग्रजी फोनिक्स अशा तीन क्लासना घातलंय. दुसरं आलं की तिचा वाटा अर्धा होणार. मी साडेपाचला उठते, तरी दिवस पुरत नाही. मोठ्या नणंदेला धाकट्यांना सांभाळण्यासाठी सातवीनंतर घरी ठेवलं होतं. सगळ्यांत हुशार तीच, असं सासरे सांगायचे. माझं पहिलं बाळंतपण सिझेरियन होतं, त्यात साखरही वाढली होती. एकटी वाढली तर मुलगी हट्टी, एकलकोंडी होईल का? एक की दोन, ते स्पष्ट सांगा.

— एक आई, म्हार्दोळ

उत्तर:

प्रिय ताई,

तुम्ही आणि यजमान विरुद्ध बाजूंनी बोलताय, पण दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर आहे: मूल पुढे कसं निघेल. ते रक्तावर हवाला ठेवतात, तुम्ही खर्चावर. या विषयावर जगभर पुष्कळ अभ्यास झालाय आणि तो तुम्हा दोघांपैकी कोणाच्याच बाजूने पुरता उभा राहत नाही. आधी यजमानांचं म्हणणं घेऊ.

रक्ताचा वाटा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. जुळ्यांवर पन्नास वर्षांत झालेले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून तपासले गेले. उंची, रक्तदाब, स्वभाव असे एकूण १७,८०४ गुणधर्म त्यात होते. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ४९ टक्के आनुवंशिकतेकडे जातो, असं निघालं. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत तर हा वाटा वयाबरोबर वाढत जातो. चार देशांतल्या ११,००० जुळ्या जोड्यांत तो नऊ वर्षांच्या आसपास ४१ टक्के होता, सतराच्या आसपास ६६. म्हणजे पाचव्या वर्षी क्लास लावून मुलाला हवं तसं घडवता येतं, या समजुतीला तुमचे यजमान हसत असतील, तर ते अगदीच चुकीचे नाहीत.

पण हे टक्के लोकांमधल्या फरकाचे आहेत. तुमच्या मुलीची निम्मी हुशारी रक्तातून आली आणि निम्मी शाळेतून, असा त्याचा अर्थ होत नाही. उंचीचंच बघा. एका पिढीतल्या लोकांच्या उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरनी वाढली. रक्त तेच राहिलं, ताट बदललं. त्यामुळे "रक्तात आहे" म्हणजे "बाकी कशाने फरक पडत नाही" असं म्हणता येत नाही.

शिवाय रक्त सगळ्या भावंडांना सारखं मिळतही नाही. प्रत्येक मूल आईकडून अर्धं आणि वडिलांकडून अर्धं घेतं, पण कोणतं अर्धं, हे दर वेळी नव्याने ठरतं. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा सारखा असतो; काही जोड्यांत तो ४० टक्क्यांच्या जवळ, काहींत ६० च्या. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये ९२८ मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या उंचीची तुलना केली. फार उंच आईबापांची मुलं उंचच होती, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी कमी. फार बुटक्यांची मुलं सरासरीने थोडी जास्त. कोणत्याही कुळात तिसरं मूल पहिल्यासारखंच निघेल याची हमी नाही, हुशारीची नाही आणि ढपणाचीही नाही.

यजमानांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आईबापांकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. मुलाला त्यातली एक मिळते, दुसरी मागे राहते. मागे राहिलेली प्रत मुलाच्या शरीरात नसतेच, त्यामुळे तिथे तिचं काही काम असू शकत नाही. आइसलँडमध्ये २१,००० हून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाला न मिळालेल्या या प्रतींचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला. मिळालेल्या प्रतींच्या परिणामाच्या जवळजवळ ३० टक्के. हे होतं कसं? त्या प्रती आईबापांना घडवतात आणि आईबाप घर घडवतात. घरात वाचलं जातं का, मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं की "गप्प बस" ऐकावं लागतं, संध्याकाळी कोण घरी असतं. यजमान ज्याला रक्त म्हणतात, त्यातला काही भाग म्हणजे त्यांच्या आईवडिलांचं घर आहे.

आता तुमचं म्हणणं. वाटे पडले की प्रत्येकाला कमी मिळणार, हे विद्वानांनाही पटलं होतं. गॅरी बेकर आणि ग्रेग लुईस यांनी १९७३ मध्ये हेच गणित मांडलं: मुलं जितकी जास्त, तितकं दर मुलामागे खर्च करणं महाग. बेकर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आकडेही सरळ दिसत होते. मोठ्या कुटुंबांतली मुलं कमी शिकलेली असत.

पण मोठी कुटुंबं आणि छोटी कुटुंबं आणखीही शंभर गोष्टींत वेगळी असतात. गरिबी, आईचं शिक्षण, गाव. म्हणून नॉर्वेतल्या संशोधकांनी अख्ख्या देशाच्या नोंदी घेतल्या आणि ज्या घरांत जुळं झाल्यामुळे अचानक एक मूल वाढलं, ती घरं वेगळी तपासली. २००५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की मूल कितव्या क्रमांकाचं आहे हे हिशेबात धरलं की मुलांच्या संख्येचा शिक्षणावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. इस्रायलमध्येही २०१० मध्ये असंच दिसलं. एक मूल वाढल्यामुळे मोठ्याचं नुकसान झाल्याचं सापडलं नाही.

तेव्हा तुमच्या मुलीचा वाटा अर्धा होणार ही भीती सोडून द्या. आईबापांकडे भाकऱ्या मोजून ठेवलेल्या नसतात. मूल वाढलं की घर स्वतःला बदलतं, कपडे खालच्याला उतरतात, सिनेमे बंद होतात, कोणीतरी कमी झोपतं. वाटा कुठून तरी येतोच. प्रश्न आहे तो कुठून येतो याचा, आणि इथे मला तुमच्या नणंदेबद्दल बोलायचंय.

तुम्ही ते वाक्य पत्राच्या ओघात लिहून गेलात. मला त्या वाक्यावरून पुढे जाता आलं नाही. यजमान म्हणतात, आम्ही सहा भावंडं, सगळे मार्गी लागलो. त्या "सगळ्यां"त सातवीनंतर घरी राहिलेली मुलगी कशी मोजली? सहा मुलांच्या घरात वेळ आणि पैसा सहा सारख्या वाट्यांत विभागला गेला नव्हता. पाच जण शाळेत गेले, कारण मोठ्या बहिणीने पाळणा हलवला, न्हाऊ घातलं, भात शिजवला. यजमानांना "कुणाची शिकवणी नव्हती" हे आठवतं, कारण त्यांना सांभाळणारी शिक्षिका पगार घेत नव्हती. सासरे तिला सगळ्यांत हुशार म्हणत असत, म्हणजे त्या घराला कळत होतं आपण काय बाजूला ठेवलंय.

हे एकट्या तुमच्या सासरचं नाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या उंचीची तुलना केली. तो अभ्यास २०१७ मध्ये आला. भारतातली मुलं सरासरीने बुटकी, हे आधीपासून माहीत होतं. पण पहिल्या मुलाच्या बाबतीत भारत मागे नव्हताच. दुसऱ्या मुलापासून दरी पडते आणि पुढच्या प्रत्येक मुलाबरोबर रुंदावते. पहिल्या मुलग्याचं ताट भरतं, खालच्यांचं रिकामं होत जातं, त्यातही मुलींचं जास्त. नॉर्वेत शाळा आणि दवाखाना सरकार देतं, म्हणूनही असेल, मुलांची संख्या तिथे फारशी बाधत नाही. आपल्याकडे ती कोणाला तरी बाधते, आणि ते कोण हे घर ठरवतं.

गोव्यात आज सहसा कोणी सातवीतून मुलीला काढून पाळण्यापाशी बसवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, गोव्याचा प्रजनन दर बाईमागे १.३ मुलं निघाला, देशाचा होता २.०. इथे एक किंवा दोन मुलांचीच घरं जास्त. पण मोठ्या बहिणीने दिलेला तो वेळ आता कोणीतरी दुसऱ्याने द्यायचा असतो. तुमच्या घरात तो कोण देतं, हे तुमच्या "साडेपाचला उठते"मधून कळतं. पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजण्याआधी चूल, मग डबे, मुलीची वेणी, सासूबाईंचा चहा, बस, आणि संध्याकाळी तीन क्लासची ने-आण. दुसऱ्या बाळाची रात्रीची जागरणं यातल्या कोणत्या तासात बसवायची? यजमानांच्या कुठल्याच तासाचा उल्लेख पत्रात नाही.

म्हणून एक की दोन याआधी घरात हा प्रश्न विचारा: दुसऱ्या मुलाचा वेळ कोणाच्या दिवसातून येणार? पुढच्या तीन महिन्यांसाठी सकाळचं काम यजमानांनी घ्यावं. वेणी, डबा, शाळेत सोडणं. "मदत करतो" म्हणून नाही, त्यांचं काम म्हणून. तुम्ही आठवण करून द्यायची नाही आणि वेणी वाकडी झाली तरी सुधारायला जायचं नाही. जमलं, तर दुसऱ्या मुलाची चर्चा खरी होईल. जमलं नाही, तर दुसरं मूल तुम्ही एकटीच वाढवणार आहात, हे आधीच कळलेलं बरं.

दुसरं झालंच, तर वेळाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या घरांच्या दिनचर्येच्या नोंदींवरून २००८ मध्ये दिसलं की त्याच वयाच्या दुसऱ्या मुलापेक्षा पहिल्याला आईबापांचा रोज २० ते ३० मिनिटं जास्त दर्जेदार वेळ मिळतो. आईबाप दुजाभाव करत नाहीत. आजच्या दिवशी ते दोघांना सारखाच वेळ देतात. पण मुलं वयाने मोठी होत जातात तसा आईबापांचा एकूण वेळ कमी होत जातो, आणि पहिल्याला भरल्या दिवसांची वर्षं आधीच मिळून गेलेली असतात. नॉर्वेत सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या २,४१,३१० तरुणांच्या बुद्धिचाचण्या २००७ मध्ये तपासल्या गेल्या, त्यात पहिल्यापेक्षा दुसरा सरासरीने दोन-सव्वादोन गुणांनी मागे होता. मोठं भावंड लहानपणीच गेल्यामुळे जो दुसरा घरात पहिल्यासारखा वाढला, त्याचे गुण मात्र पहिल्याइतकेच होते. म्हणजे कारण पोटात नव्हतं, घरात होतं. दोन गुण दोन सख्ख्या भावंडांकडे बघून ओळखूही येत नाहीत, त्याची चिंता करू नका. धाकट्याच्या पहिल्या चार-पाच वर्षांत त्याच्यासाठी स्वतंत्र वेळ राखावा लागतो, तो आपोआप मिळत नाही, एवढं यातून घ्या.

एकटी मुलगी हट्टी होईल का? नाही. १९८६ मध्ये एकुलत्या मुलांवरचे ११५ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्वभाव, मिळून-मिसळून वागणं, यांत ती इतर मुलांसारखीच होती. अभ्यासात आणि काही करून दाखवण्याच्या जिद्दीत किंचित सरस. तुमच्या मुलीला शेजारची मुलं, चवथीला जमणारी चुलत भावंडं, शाळा, सगळं आहे. भावंड हवंच असेल तर ते भावंड म्हणून हवं असावं. पहिलीला सोबत म्हणून आणलेलं दुसरं मूल तिच्याशी पटवून घेईलच, असं कोणी सांगू शकत नाही.

सासूबाईंचा मुद्दा मी हलका समजत नाही. पोफळी आणि नारळाची कुळागरं राखणं किती कष्टाचं असतं हे त्यांनी अंगावर सोसलंय, आणि ते हातचं जाईल ही भीती खरी आहे. पण वारस त्यांच्या घरात आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, दोघांना सारखा हक्क. मृत्युपत्र करूनही आईबापांना फक्त निम्मी मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येते, उरलेली निम्मी मुलांचीच. उलट मुलं जितकी जास्त, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तितकी नावं. यजमानांच्या सहा भावंडांत त्या कुळागराचं काय झालंय हे सासूबाईंना माझ्यापेक्षा तुम्हीच आठवण करून देऊ शकता, प्रेमाने. राहिला नातू. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावर ठरतं, तुमच्यावर नाही, आणि गर्भाचं लिंग तपासून घेणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे बोलणं यजमानांनीच आईशी करायचं. सुनेच्या तोंडून ते भांडण होतं.

क्लासचं बोलते. पाच वर्षांच्या मुलीला तीन क्लास जास्त आहेत. कथक तिला आवडत असेल तर ठेवा. अ‍ॅबॅकस आणि फोनिक्स दोन्ही सोडा, आणि त्या दोन संध्याकाळी तिला आजीबरोबर कुळागरात जाऊ द्या. सुपाऱ्या वेचताना दहा-दहाचे ढीग घालायला शिकेल, आजी गोष्ट सांगेल, तुम्हालाही तास मिळेल. मुलीवर केलेला खर्च वाया जातो असं मी म्हणत नाही. चांगली शाळा, पोटभर जेवण, कोणीतरी शांतपणे ऐकणारं घरात असणं, याने मुलाचं बालपण चांगलं जातं, आणि बालपण चांगलं जावं ते पुढच्या गुणांसाठीच, असं नाही. ते आजच तिचं आहे. पण एकच मूल आहे म्हणून सगळी आशा तिच्यावर लादली की ते ओझं तिलाच उचलावं लागतं.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. तुमच्या पत्रात सासूबाईंना काय हवंय ते आहे, यजमानांना काय वाटतं ते आहे, मुलीला काय मिळेल याचा हिशेब आहे. तुम्हाला दुसरं बाळ हवंहवंसं वाटतंय, असं एकाही ओळीत नाही. नकोय, असंही नाही. हवं असेल आणि यजमानांनी सकाळ सांभाळून दाखवली असेल, तर बिनधास्त होऊ द्या. पहिलीचं काही बिघडणार नाही. मनापासून नको असेल, तर एकीवर थांबा आणि कोणालाही कारणं देत बसू नका. मुलीसाठी, घराण्यासाठी किंवा वाद मिटवण्यासाठी मात्र दुसरं आणू नका.

वय ३४ आहे, घाई नाही पण पाच वर्षं विचार करत बसण्याइतका वेळही नाही. आईच्या पस्तिसाव्या वर्षी बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साधारण ३५० त एक असते, चाळिसाव्या वर्षी १०० त एक. त्यामुळे वर्षभरात ठरवा. दुसऱ्याचं ठरलं तर दिवस राहण्याच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं लागेल, आणि आधीच्या सिझेरियनमुळे बाळंतपण कुठे करायचं हे फोंड्यातल्या डॉक्टरांशी किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आधीच बोलून ठेवावं लागेल. गरोदरपणात एकदा साखर वाढली की पुढच्या खेपेला ती पुन्हा वाढण्याची आणि पुढे कायमचा मधुमेह होण्याचीही शक्यता जास्त असते. अशा बायकांनी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायची असते. मुलगी पाच वर्षांची झाली, तुमची शेवटची तपासणी कधी झाली ते पत्रात नाही. बाकी सगळं तीन महिन्यांनी ठरलं तरी चालेल, रक्ताची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.